बू रॅडली आणि टॉम रॉबिन्सन यांची तुलना लिहिताना

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'वरचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच वळणाने येतो: बू रॅडली आणि टॉम रॉबिन्सन या दोन पात्रांची तुलना करा. उत्तरही ठरलेलं असतं. दोघेही निष्पाप, दोघांनाही गावाने ओळखलं नाही, दोघेही मॉकिंगबर्ड, म्हणजे कुणाचं काही न बिघडवणारा गाणारा पक्षी. यात चूक काही नाही, पण एवढ्यावर थांबलात तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण हे तर पुस्तकाच्या नावातच आहे. हा लेख ज्यांना पात्रांची तुलना पहिल्यांदाच लिहायची आहे त्यांच्यासाठी आहे. मग तो कॉलेजचा निबंध असो, वाचनकट्ट्यावरचं टिपण असो किंवा नुसतं स्वतःसाठी लिहिणं असो. उदाहरण म्हणून हीच जोडी घेतली आहे, कारण वरवर ती इतकी सारखी दिसते की खरा फरक सहज निसटतो.

पहिली पायरी: दोनदा वाचा, दुसऱ्यांदा वही घेऊन

कादंबरी १९६० साली आली. गोष्ट मात्र १९३३ ते १९३५ या मंदीच्या काळातली, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेकॉम्ब नावाच्या काल्पनिक गावातली. एकूण ३१ प्रकरणं, दोन भाग. पहिला भाग ११व्या प्रकरणाशी संपतो. ढोबळमानाने पहिला भाग बूचा, दुसरा टॉमचा, आणि शेवटच्या चार प्रकरणांत बू परत येतो. पहिलं वाचन निव्वळ गोष्ट म्हणून करा. खुणा करत बसू नका. दक्षिणेकडच्या बोलीचं इंग्रजी सुरुवातीला अडतं, मग कानाला सवय होते.

दुसऱ्या वेळी सगळं पुस्तक वाचायची गरज नाही. बूसाठी पहिलं प्रकरण, ४ ते ८ आणि २८ ते ३१. टॉमसाठी ९, १५ ते २१, २४ आणि २५. दहावं आणि तेविसावं दोघांसाठी. या वेळी वही जवळ ठेवा. प्रत्येक पात्राला एक पान आणि पानावर तीन रकाने: कोण काय म्हणालं, बोलणाऱ्याने ते स्वतः पाहिलं होतं का, आणि पात्राने प्रत्यक्ष काय केलं. मधला रकाना भरायचा कंटाळा येतो, पण सगळा निबंध त्याच रकान्यातून निघतो.

दुसरी पायरी: बूचं पान भरा

बू हा वर्षानुवर्षं घराबाहेर न आलेला शेजारी. गोष्ट सांगते ती स्काउट नावाची मुलगी, आणि जेम तिचा मोठा भाऊ. पहिल्या प्रकरणात जेम बूचं वर्णन करतो: साडेसहा फूट उंच, खारी आणि मांजरं कच्ची खाणारा, त्यामुळे हात कायमचे रक्ताने माखलेले, चेहऱ्यावर वेडावाकडा व्रण, पिवळे किडके दात, बाहेर आलेले डोळे. पहिल्या रकान्यात हे सगळं लिहा. दुसऱ्या रकान्यात 'नाही' लिहा, कारण जेमने बूला कधीच पाहिलेलं नाही. गावात कुणीच बूला वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही. बाकीची माहिती आली ती शेजारच्या मिस स्टेफनी क्रॉफर्डकडून, आणि गावगप्पा हा त्या बाईंचा पूर्णवेळ उद्योग.

मग बूने प्रत्यक्ष केलेल्या गोष्टी बघा. रॅडलींच्या कुंपणाजवळच्या झाडाच्या ढोलीत तो मुलांसाठी वस्तू ठेवतो: च्युइंगम, जुनी नाणी, सुतळीचा गुंडा, साबणातून कोरलेल्या एका मुलाच्या आणि एका मुलीच्या बाहुल्या, स्पेलिंगच्या स्पर्धेतलं जुनं पदक, बंद पडलेलं खिशातलं घड्याळ. शेवटी त्याचा भाऊ नेथन ती ढोली सिमेंटने बुजवतो आणि झाड मरायला टेकलंय असं कारण देतो. झाड चांगलं हिरवंगार असतं. आठव्या प्रकरणात शेजारच्या मिस मॉडीचं घर जळतं. त्या थंडीच्या रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या स्काउटच्या खांद्यांवर कुणीतरी घोंगडी टाकतं, आणि तिला ते कळतही नाही.

यातल्या एका प्रसंगापाशी मी नेहमी थांबायला सांगतो. मुलं रात्री रॅडलींच्या आवारात शिरतात, बंदुकीचा बार होतो आणि पळताना जेमची पँट तारेच्या कुंपणात अडकते. ती तिथेच टाकून तो घरी येतो. मध्यरात्री परत आणायला जातो तर पँट घडी घालून कुंपणावर ठेवलेली, फाटलेला भाग शिवलेला. शिवण वाकडीतिकडी, एखाद्या बाईने घातलेली नाही हे पाहताक्षणी कळावं अशी. जेम हे सातव्या प्रकरणात स्काउटला सांगतो, आणि सांगताना त्याला भीती वाटते ती याची की पँट कुणीतरी त्याचीच वाट बघत असल्यासारखी ठेवली होती. निबंधात 'बू दयाळू आहे' असं लिहिण्यापेक्षा ती वाकडी शिवण लिहा. एका माणसाने अंधारात सुई-दोरा घेतला, आणि तेही आपल्याच अंगणात चोरासारख्या शिरलेल्या पोरासाठी. दयाळूपणा वेगळा सांगावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र दडपू नका. बूने वडिलांच्या पायात कात्री खुपसली अशी गोष्ट पहिल्याच प्रकरणात आहे. वर्तमानपत्रातली कात्रणं कापत बसलेला, वडील जवळून गेले तशी कात्री खुपसली, पुसली आणि पुन्हा कापायला लागला. हीही मिस स्टेफनीचीच कथा, पण पुस्तक ती कुठे खोटी ठरवत नाही. बूला संत करायच्या नादात हा प्रसंग गाळला की परीक्षकाला लगेच कळतं. शिवाय पुढे तो कामाला येणार आहे.

तिसरी पायरी: टॉमचं पान, आणि मधला रकाना का बदलतो

टॉम रॉबिन्सन पंचवीस वर्षांचा, कृष्णवर्णीय, हेलनचा नवरा, तीन मुलांचा बाप, लिंक डीसच्या शेतावरचा मजूर. मायेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. इथे मधला रकाना वेगळाच भरतो. बूबद्दल बोलणाऱ्या कुणी काही पाहिलेलं नव्हतं. टॉमच्या बाबतीत सगळं डोळ्यांसमोर आहे: भर दिवसा, भरलेल्या कोर्टात, शपथेवर.

पुरावा क्रमाने मांडून बघा, कारण पुढची तुलना त्यावर उभी राहते. शेरिफ हेक टेट सांगतो की मायेलाचा उजवा डोळा सुजलेला होता आणि गळ्याभोवती सगळीकडे बोटांचे वळ होते. डॉक्टरला कुणी बोलावलंच नव्हतं. टॉमचा वकील, म्हणजे जेम आणि स्काउटचा बाप ॲटिकस फिंच, मायेलाच्या बापाला, बॉब युएलला, सही करायला लावतो. तो डाव्या हाताने लिहितो. समोरासमोर उभ्या माणसाच्या उजव्या डोळ्यावर मारणारा बहुधा डावखुरा. मग टॉमला उभं केलं जातं, आणि त्याचा डावा हात उजव्यापेक्षा फूटभर आखूड आणि निकामी असल्याचं दिसतं. लहानपणी तो सरकी काढायच्या यंत्रात सापडला होता.

एकोणिसाव्या प्रकरणाची सुरुवात शब्द शब्द करून वाचा. शपथ घ्यायला टॉम उजव्या हाताने आपला डावा हात उचलून बायबलवर ठेवतो. उजवा हात वर केला की डावा घसरून टेबलावर पडतो. तो परत उचलायला जातो तेवढ्यात न्यायाधीश टेलर म्हणतात, पुरे. टॉमने एक शब्दही बोलायच्या आधी त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा सगळ्या ज्युरीसमोर खाली पडतो. ज्युरी तो बघते आणि तरीही टॉमला दोषी ठरवते.

टॉमनेही बूसारखंच काहीतरी फुकट दिलेलं आहे. मायेलाच्या घरावरून जाताना तो सरपण फोडून द्यायचा, पाणी भरून द्यायचा. पहिल्या वेळी ती पाच सेंटचं नाणं देऊ करते, तो घेत नाही. सरकारी वकील गिल्मर विचारतो, का? टॉम म्हणतो की मला तिची कीव आली. कोर्टात जे होतं ते या उत्तरामुळे. गोऱ्या बाईची कीव काळ्या माणसाने करायची? गिल्मर ते वाक्य पकडून ठेवतो आणि टॉमला चुकीची जाणीव होते, पण बोललेलं परत घेता येत नाही. बूचा दयाळूपणा अंधारात, झाडाच्या ढोलीत होतो म्हणून खपून जातो. टॉमचा दयाळूपणा तोंडाने बोलला जातो आणि त्याच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा ठरतो.

चौथी पायरी: दोघांना जोडणारे धागे शोधा

बू आणि टॉम एकमेकांना कधी भेटत नाहीत. म्हणून तुलना करताना आपण दोन वेगळ्या गोष्टी शेजारीशेजारी ठेवतोय असं वाटायला लागतं. पण लेखिकेने पूल बांधून ठेवले आहेत. ते सापडले की निबंध मुद्द्यांची यादी राहत नाही.

सगळ्यांना दिसणारा पूल मॉकिंगबर्डचा. दहाव्या प्रकरणात ॲटिकस मुलांना सांगतो की तो पक्षी मारणं पाप आहे, आणि मिस मॉडी कारण सांगते: तो कुणाची बाग खराब करत नाही, गाण्यापलीकडे काही करत नाही. पंचविसाव्या प्रकरणात संपादक अंडरवूड टॉमच्या मृत्यूची तुलना गाणाऱ्या पक्ष्यांच्या निरर्थक हत्येशी करतो. तिसाव्यात स्काउट बूबद्दल तीच उपमा वापरते. हे लिहा, पण दोन वाक्यांत.

दुसरा पूल क्वचितच कुणी वापरतं. कात्रीच्या प्रसंगानंतर शेरिफ बूला तुरुंगात टाकत नाही, कोर्टाच्या तळघरात ठेवतो. का? तर कृष्णवर्णीय कैद्यांबरोबर त्याला ठेवायला शेरिफचं मन धजत नाही. पहिल्या प्रकरणातलं हे ओझरतं वाक्य. टॉमचं नावही अजून आलेलं नाही, आणि तरी दोघांमधली भिंत तिथे उभी केलेली आहे.

तिसरा तेविसाव्या प्रकरणाच्या शेवटी. निकालानंतर जेम माणसं अशी का वागतात याचा विचार करत असतो. बोलता बोलता तो म्हणतो की बू रॅडली इतकी वर्षं घरात का राहिला ते मला आता समजायला लागलंय: त्याला बाहेर यायचंच नाहीये. टॉमचा खटला पाहिल्यावर जेमला बू कळतो. दोन भागांची ही कादंबरी एकाच गोष्टीबद्दल आहे याचा याहून थेट पुरावा पुस्तकात नाही. निबंधाच्या मध्यावर तो वापरा. सुरुवातीलाच खर्च करू नका.

पाचवी पायरी: फरकाचं एक वाक्य लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. साम्यं शोधणं सोपं असतं, तुलनेचा जीव फरकात असतो. मी स्वतः धरतो तो फरक असा: बूबद्दलचा गैरसमज माहिती नसल्यामुळे आहे, म्हणून त्याला एकदा समोर पाहिलं की तो विरून जातो. टॉमबद्दलचा गैरसमज माहिती असूनही आहे, म्हणून कितीही पुरावा दाखवला तरी तो जागचा हलत नाही.

हे वाक्य वहीतल्या नोंदींवर तपासून बघा. एकोणतिसाव्या प्रकरणात स्काउटला कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असलेला एक पांढराफटक माणूस दिसतो. ऊन न पाहिलेले हात, रंग उडालेले करडे डोळे, पिसासारखे विरळ केस. साडेसहा फुटांचा राक्षस एका क्षणात संपतो. 'Hey, Boo,' एवढंच ती म्हणते. बूच्या बाबतीत पाहणं पुरेसं आहे. टॉमला सगळं गाव पाहतं, गॅलरीतून आणि खालून, आणि त्याने काही होत नाही.

आता कायद्याकडे वळा. बूच्या दारापर्यंत कायदा तीनदा येतो. पौगंडावस्थेत मित्रांच्या टोळीबरोबर दंगा केल्याबद्दल बाकीच्या मुलांना सरकारी सुधारशाळेत पाठवतात. बूचे वडील शब्द देतात आणि न्यायाधीश मुलाला त्यांच्या ताब्यात देतो. कात्रीच्या वेळी तो तळघरातून घरी येतो. आणि शेवटी, हॅलोवीनच्या रात्री बॉब युएल मुलांवर हल्ला करतो तेव्हा बू त्याला ठार करतो, आणि शेरिफ जाहीर करतो की युएल स्वतःच्या सुरीवर पडला. तीनही वेळा कायदा पाठ फिरवतो. टॉमच्या वाट्याला कायदा दोनदा येतो. आधी एकदा मारामारीसाठी त्याने तीस दिवस तुरुंगात काढले होते, कारण दंड भरायला पैसे नव्हते. ज्याच्याशी मारामारी झाली त्याने दंड भरला आणि तो सुटला. दुसऱ्यांदा हा खटला.

ज्याने खरोखर माणूस मारला त्याच्यावर खटला चालत नाही, आणि ज्याने काहीच केलं नाही त्याचा जीव जातो. चोविसाव्या प्रकरणात तुरुंगातून पळायचा प्रयत्न करताना पहारेकरी टॉमला गोळ्या घालतात. अंगावर सतरा गोळ्यांची भोकं. बू एका खोट्याने वाचतो आणि टॉमला खरं वाचवू शकत नाही. मुलांना जन्मभर खरं बोलायला शिकवणारा ॲटिकस शेवटी त्या खोट्याला मान्यता देतो, हेही नोंदवा.

पण लगेच 'बू गोरा म्हणून सुटला' असं लिहून मोकळे होऊ नका. सुधारशाळेत गेलेल्या मुलांना तिथे राज्यातलं उत्तम शिक्षण मिळालं. त्यातला एक पुढे इंजिनियर झाला. बू वडिलांच्या घरी सुटला आणि त्याच घरात गाडला गेला. कातडीच्या रंगाने त्याला कोर्टापासून वाचवलं, घरापासून नाही. हा बारकावा असेल तर तुमचं वाक्य घोषणा वाटत नाही.

सहावी पायरी: काळ, पण चमच्याने

पार्श्वभूमी म्हणून पानभर इतिहास लिहायची गरज नाही. एक खटला पुरतो. १९३१ साली अलाबामातच मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या मुलींनी बलात्काराचा आरोप केला. पहिल्याच खटल्यात त्यांतल्या आठांना मृत्युदंड सुनावला गेला. पुढे दोन मुलींपैकी एकीने आरोप मागे घेतला तरी खटले चालूच राहिले. स्कॉट्सबरो खटला म्हणून तो ओळखला जातो. तो सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला: १९३२ मध्ये आरोपींना नीट वकील मिळाला नाही म्हणून, आणि १९३५ मध्ये ज्युरीतून कृष्णवर्णीयांना वगळलं होतं म्हणून. टॉमच्या ज्युरीत फक्त गोरे पुरुष का आहेत हे समजायला एवढं पुरे. पण 'कादंबरी त्या खटल्यावर बेतलेली आहे' असं छातीठोकपणे लिहू नका. काळाचं साम्य दाखवा आणि थांबा.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला इथे एक मोह होतो: टॉमच्या जागी दलित माणूस ठेवून पुढचं सगळं जातीवर लिहायचा. दोन्हींचा संबंध खराच जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करायला झटलेल्या लोकांना अर्पण केलं, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. हा धागा लावायचा असेल तर एखाद्या परिच्छेदात लावा. तो लावल्यावर बायबलवरून घसरणारा हात आणि दंडाअभावी काढलेले तीस दिवस गायब होणार असतील, तर तो निबंध आता या कादंबरीवरचा राहिलेला नाही.

सातवी पायरी: गोष्ट कोण सांगतंय ते विसरू नका

गोष्ट स्काउट सांगते. सुरुवातीला ती जेमतेम सहाची होत आलेली असते, पण सांगणारी मोठी झालेली स्काउट आहे. याचा दोन्ही पात्रांवर परिणाम होतो, आणि सारखा होत नाही.

बूच्या बाबतीत वाचकही मुलांच्या बरोबरीने चुकतो. पहिल्या प्रकरणातला राक्षस आपण हसत हसत का होईना, मान्य करतो. मुलं अंगणात 'बू रॅडली'चं नाटक करतात तेव्हा आपल्यालाही मजा वाटते. म्हणजे बूच्या गोष्टीत आपला स्वतःचा पूर्वग्रह मोडतो. टॉमला मात्र वाचक एक क्षणही दोषी समजत नाही. तो समोर येतो तोच निर्दोष म्हणून, ॲटिकसच्या बाजूने पाहिलेला. मेकॉम्बची चूक आपण बाहेरून बघतो आणि आपण तसे नाही याचं समाधान मिळवतो.

पुस्तकावरची एक जुनी टीकाही इथेच येते. बूला निदान एक रात्र मिळते, ज्यात तो काहीतरी ठरवतो आणि करतो. टॉमला साक्षीपलीकडे आवाज नाही. त्याचं घर आणि त्याची भीती आपल्याला दुसऱ्यांकडून कळते. टॉम निबंधात फिका वाटला तर तो दोष तुमचाच असतो असं नाही. पुस्तकानेच त्याला तितकं दिलेलं नाही, आणि तसं लिहायला हरकत नाही. एक जागा मात्र सोडू नका. तुरुंगातून पळण्याबद्दल ॲटिकस म्हणतो की गोऱ्यांनी देऊ केलेल्या संधींना टॉम कंटाळला असावा, त्याने स्वतःची संधी घेतली. सगळ्या पुस्तकात टॉमने स्वतःच्या मर्जीने केलेली ही एकमेव मोठी गोष्ट, आणि ती पडद्यामागे घडते.

आठवी पायरी: आता लिहा

तुलनेची मांडणी दोन तऱ्हांनी होते. अर्धा निबंध बूवर आणि अर्धा टॉमवर, किंवा प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा आणि त्यात दोघे. नवख्याने दुसरी निवडावी. पहिल्या पद्धतीत टॉमवर लिहीपर्यंत बू विसरला जातो आणि शेवटी 'अशा प्रकारे दोघांत साम्य आहे' एवढंच उरतं.

सुरुवात तुमच्या फरकाच्या वाक्याने करा. लेखिकेचा जन्म, पुलित्झर पारितोषिक आणि विकल्या गेलेल्या प्रती यांनी नको. मग अफवा आणि पुरावा, मग दोघांचं देणं, मग जेमचं वाक्य, मग कायदा, शेवटी सांगणारी स्काउट. परिच्छेद सारख्या लांबीचे असायला हवेत असा नियम नाही. कायद्याचा परिच्छेद मोठा होईल, होऊ द्या.

कच्च्या आणि पक्क्या वाक्यातला फरक बघा. कच्चं: 'बू आणि टॉम दोघांनाही समाजाने वाळीत टाकले होते आणि दोघेही चांगल्या मनाचे होते.' पक्कं: 'बू ढोलीत वस्तू ठेवतो आणि टॉम सरपण फोडून देतो. दोघेही त्याबद्दल काही मागत नाहीत. पण बूच्या भेटवस्तू थांबवायला सिमेंट लागतं, आणि टॉमची मदत त्याच्याविरुद्ध फिरवायला गिल्मरला एक प्रश्न पुरतो.' दुसऱ्यात विशेषण एकही नाही, आणि तरी लिहिणाऱ्याचं म्हणणं कळतं.

प्रत्येक परिच्छेदात निदान एक गोष्ट अशी असू दे जी पुस्तक न वाचलेल्या माणसाला माहीत नसेल. नुसता १९६२ चा सिनेमा पाहून लिहिलेला निबंध अशाच ठिकाणी उघडा पडतो. सिनेमा चांगला आहे, ग्रेगरी पेकचा ॲटिकस विसरता येत नाही. पण सिनेमातला प्रसंग पुस्तकातला म्हणून लिहिला की संपलं.

ॲटिकसला आवरा. तो इतका भरून राहिलेला असतो की दोन पानांनी निबंध त्याच्यावरच होऊन बसतो. तुमचा प्रश्न बू आणि टॉमचा आहे. ॲटिकस येऊ दे तो त्यांच्यामुळे: टॉमचा वकील म्हणून, आणि बूच्या खोट्याला हो म्हणणारा म्हणून.

लिहून झालं की तिसऱ्या रकान्याशी पडताळून बघा: हात कुठला, डोळा कुठला, प्रकरण कुठलं. डावा-उजवा इथे उलटा झाला तर सगळा पुरावाच कोसळतो, आणि अशी चूक अगदी हुशार मुलांकडूनही होते.

तोंडी परीक्षा किंवा चर्चा असेल तर एका प्रश्नाची तयारी ठेवा. त्या हॅलोवीनच्या रात्री बूऐवजी टॉमने बॉब युएलला मारलं असतं, मुलांना वाचवायलाच, तर हेक टेट 'सुरीवर पडला' म्हणाला असता का? नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. तळघराचं वाक्य सांगा, फूटभर आखूड हात पाहूनही दोषी म्हणणारी ज्युरी सांगा, आणि तीस दिवसांची शिक्षा सांगा. त्याच वेळी हेही सांगा की हाच टेट कोर्टात सुजलेल्या डोळ्याबद्दल खरं तेच बोलला होता, आणि बूला सोडून देताना त्याच्या बोलण्यात टॉमचा मृत्यू येतो: एक कृष्णवर्णीय माणूस विनाकारण मेला, आणि त्याला जबाबदार असलेलाही आता मेला. शेरिफ टॉमला विसरलेला नाही. तो बूला वाचवतो आहे की टॉमच्या बाबतीत आपल्याला जमलं नाही ते आता भरून काढतो आहे, यावर वर्गात दोन तट पडतात. तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते आधीच ठरवून जा, आणि तिसावं प्रकरण दुसऱ्या बाजूनेही वाचून जा.